प्याद्याच्या तोंडचा हत्ती

मी एक जुना पट आहे, मित्रांनो. बुद्धिबळाचा. पण टेबलावर पसरायचा नव्हे, भिंतीवर टांगायचा. वर्गात नकाशा टांगतात ना, तसा. माझं अंग रेक्झिनचं. आठ आडव्या ओळी आणि प्रत्येक ओळीच्या खालच्या कडेला पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी शिवलेली. त्या पट्टीत चपट्या सोंगट्या खोचायच्या, म्हणजे अगदी शेवटच्या बाकावरच्यालाही डाव दिसतो.

असं आयुष्य सांगताना जन्मापासून सुरुवात करतात. माझं आयुष्य मात्र एकाच चालीभोवती गुंडाळलं गेलं आहे. म्हणून ती चाल आधी.

पांढऱ्याचा हत्ती मधल्या उभ्या रांगेतून सरळ पुढे गेला आणि काळ्या राजाच्या किल्ल्यासमोर, एका प्याद्याच्या तोंडी जाऊन बसला.

एवढंच. ज्यांना बुद्धिबळ येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वजिराखालोखाल मोठं मोहरं म्हणजे हत्ती आणि सगळ्यात किरकोळ म्हणजे प्यादं. असा हत्ती कुणी फुकट देत नाही. दिला, तर त्यामागे काहीतरी जबरदस्त बेत असणार असंच सगळे धरून चालतात. त्याला हत्तीचा बळी म्हणतात. नाव मोठं भारदस्त आहे.

आता जन्म.

मला एका दप्तरं शिवणाऱ्याने शिवलं. सर त्याच्याकडे मोजमाप घेऊन गेले होते. सर म्हणजे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी आणि संध्याकाळी बुद्धिबळ शिकवणं, असा दुहेरी संसार असलेले गृहस्थ.

"एक लक्षात ठेवा," सर म्हणाले, "उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातलं घर पांढरं आलं पाहिजे."

"कुणाच्या उजव्या हाताच्या? तुमच्या का माझ्या?"

"बघणाऱ्याच्या."

"मग पटाचा तो डावा हात झाला की."

"पटाला हात नसतात हो!"

"मग उजवा कशाला म्हणता?"

व्हायचं तेच झालं. कोपरा काळा आला. दप्तरवाल्याने कुरकुरत आठही पट्ट्या उसवल्या, मला आडवं फिरवलं आणि पुन्हा शिवलं. पहिल्या शिलाईची भोकं माझ्या अंगावर आजही आहेत. सर ती भोकं बघून हसले होते. "मागे घेतलेली एकमेव चाल," म्हणाले. "यापुढे नाही."

ते खरंच होतं. सरांच्या राज्यात चाल मागे घेणं नव्हतं. सोंगटीला हात लावला की तीच खेळायची. क्लबमध्ये नियम होता, घरीही होता. ताटातल्या ज्या पदार्थाला बोट लागलं तो संपवायचा. सरांच्या मुलीने एकदा दुकानात हिरव्या फ्रॉकला नुसता हात लावला. निळा हवा म्हणून ती रडली, तरी हिरवाच घेतला गेला. "हात लावलास ना?" सर म्हणाले. दुकानदारालाच वाईट वाटलं.

मुलीचं घरातलं नाव चिंगी.

मी क्लबच्या भिंतीवर होतो. क्लब म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली. खालून हवा भरायच्या पंपाचा फुसफुस आवाज यायचा आणि वर माझ्यासमोर पोरं माना वर करून बसायची. माझे कामाचे दिवस ते. रोज कुणाचा तरी डाव माझ्यावर मांडला जाई. सर छडीच्या टोकाने घर दाखवत आणि विचारत, "इथे काय चुकलं?" चुकलेलं सापडलं की सरांचा चेहरा उजळायचा. बरोबर खेळलेल्या डावात त्यांना फारसा रस नसे.

चिंगी स्टुलावर उभी राहून सोंगट्या खोचायची. तिची एक सवय होती. सोंगटी पट्टीत सरकवली की अंगठ्याने दोनदा दाबायची. टक टक. जणू "बस इथे" असं तिला सांगते आहे. इतर कुणी असं करत नसे. मी डोळे मिटून सांगितलं असतं, ही चाल चिंगीची. डोळे मला नाहीत, ते सोडा.

पुढे मालकाला खोली हवी झाली आणि क्लब बंद पडला. सरांनी मला गुंडाळून घरी आणलं. लोक बाहेरच्या खोलीत कॅलेंडर लावतात, या घरात मी लागलो. चिंगी वाढली. माझ्यासमोर जेवली, माझ्यासमोर अभ्यास केला, माझ्यासमोर रुसली. शाळा सुटली ती सुटलीच आणि एक दिवस ती ग्रँडमास्टर झाली. या खेळात त्याहून मोठी पदवी नाही. सरांनी पेढ्यांऐवजी तिला एका डावाचा अवघड शेवट सोडवायला दिला. तिने सोडवला.

त्या दिवशी अंगठा एकदाच दाबला गेला. मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगणार कसा?

तो डाव.

परगावी मोठी स्पर्धा होती. चिंगी खेळायला गेली होती, पांढरी मोहरी घेऊन, एका दाढीवाल्या ग्रँडमास्टरसमोर. तेव्हा कॉम्प्युटर असली कामं करत नव्हते. संध्याकाळी स्पर्धेच्या कचेरीतून फोन येई, पलीकडचा माणूस चाली वाचून दाखवी आणि सर रिसिव्हर खांद्यात धरून त्या माझ्यावर खेळत.

मध्येच सरांचा हात थांबला. "पुन्हा सांगा," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही, नीट बघून सांगा."

आतून चिंगीची आई आली. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती आणि अजून त्याच साडीत होती. "काय झालं? पडली का कुठे?"

"हत्ती दिला तिने."

"कुणाला?"

सरांनी हत्ती प्याद्याच्या तोंडी ठेवला आणि पलीकडचा माणूस पुढची चाल वाचेपर्यंत तिथेच उभे राहिले.

दाढीवाल्याने हत्ती खाल्ला नाही.

त्याने खूप वेळ विचार केला म्हणे, आणि राजा एक घर बाजूला सरकवला. झालं. न खाल्लेला हत्ती त्याच्या किल्ल्याच्या दारात ठाण मांडून बसला आणि पुढे त्याची सगळी मोहरी एकमेकांच्या पायात आली. चिंगी जिंकली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या चालीपुढे दोन उद्गारचिन्हं होती. या खेळात एक उद्गारचिन्ह म्हणजे उत्तम चाल. दोन म्हणजे लोकांनी तोंडात बोटं घालायची.

दाढीवाल्याने बातमीदाराला काय सांगितलं, तेही छापून आलं होतं. "हिच्या घरी भिंतीवर पट आहे. बाप सकाळ-संध्याकाळ त्याच्यासमोर उभा असतो. तिथे शिजवून आणलेला हत्ती मी खाईन कशाला?"

बघा मित्रांनो, तो मला घाबरला होता. आणि माझ्यावर तर त्या डावाआधी ती चाल कधी कुणी खेळलीच नव्हती.

माझा मोठा मान झाला. ओळखीचे, बिनओळखीचे लोक मला बघायला आले. "हाच का तो?" म्हणायचे आणि माझ्या कडेला हात लावून बघायचे. एका बाईंनी माझ्यावरची धूळ पदराने पुसली. मला आनंद झाला का? मी रेक्झिन आहे. धूळ पुसली गेली, एवढं कळलं.

त्याच आठवड्यात याहून मोठ्या स्पर्धेचं बोलावणं आलं. तिथे जिंकणारी जगज्जेतेपदासाठी खेळणार होती. सरांनी ते पाकीट माझ्याच खिळ्याला अडकवलं.

चिंगी घरी आली.

"दाखव," सर म्हणाले. हातपाय धुवायचीही उसंत नाही.

ती माझ्यासमोर उभी राहिली आणि डाव खेळून दाखवू लागली. हत्तीपर्यंत आली. हत्ती प्याद्याच्या तोंडी ठेवला. अंगठा लावला नाही. नुसता सोडून दिला. आणि लगेच, त्याच हाताने, काळं प्यादं उचलून तिने हत्ती खाल्ला.

"अगं," सर हसले, "त्याने कुठे खाल्ला?"

चिंगीने हातातल्या हत्तीकडे पाहिलं. "हो. नाही खाल्ला," ती म्हणाली आणि हत्ती परत ठेवला.

सरांना ती दमणूक वाटली.

(डाव लिहून ठेवताना न खेळलेली चाल अशी कंसात लिहितात. पर्याय: सर तिथेच थांबतात. विचारतात, जे झालंच नाही ते तुझ्या हाताला कसं आठवलं? ही चाल चांगली होती. खेळली गेली नाही.)

दुसऱ्या दिवशी दुपारी आई इस्त्री करत होती. सर कचेरीत होते. चिंगी जमिनीवर उताणी पडून छताकडे बघत होती.

"तिकडे नीट जेवत होतीस ना?"

"हो."

"चव होती का काही?"

"माहीत नाही."

"जेवलीस आणि माहीत नाही?" आईने बाही उलटी केली. "बरं, जिंकलीस तेव्हा काय वाटलं ते तरी सांग. पेपरवाल्यांना सांगितलंस तसं नको हं. मला सांग."

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"आई, तुमच्याकडे सुई देतात ना हिरडीत. नंतर ओठ असतो, पण लागत नाही. चावला तरी कळत नाही. तसं."

आईने इस्त्री उभी केली. "कधीपासून?"

"खूप दिवस झाले. आधी डाव सुरू व्हायच्या आधी पोटात गोळा यायचा. हरल्यावर उशीत तोंड घालून रडायचे मी, आठवतं? आता हरले तरी सारखंच, जिंकले तरी सारखंच."

"आणि बाबांना नाही सांगितलंस."

"काय सांगू? ते म्हणतील, मग चाल कुठली ते बोल."

आईला हसू आलं. आलं तसं गेलंही. "मग बोल ना चाल."

"बोलले की. हत्ती दिला."

आईने इस्त्रीचं बटण बंद केलं.

"साधी हरले असते ना," चिंगी छताशीच बोलत होती, "तर त्यांनी कुठे चुकलं ते शोधलं असतं आणि पुढच्या खेपेला दुरुस्त करून पाठवलं असतं. म्हणून इतकी मोठी चूक केली. वाटलं, आता दुरुस्त करण्यासारखं काही उरणारच नाही. तर त्या दाढीवाल्याने खाल्लाच नाही! मला बघायचं होतं गं, हरून उठताना तरी काही वाटतं का."

"मी बोलते त्यांच्याशी."

"नको. तोंडी सांगितलेलं त्यांच्या डोक्यात शिरत नाही. पटावरच दिसू दे त्यांना."

(पर्याय: आई तरीही बोलते. नेहमीच्या संसारात हीच चाल होते. या घरात मात्र माझ्यावर न मांडलेली गोष्ट खरी धरत नसत.)

इकडे सरांपुढे वेगळंच काम येऊन पडलं होतं. बुद्धिबळ मंडळाने व्याख्यान ठेवलं होतं. विषय, हत्तीचा बळी. वक्ते, सर. पट म्हणून अर्थात मी.

रोज सकाळी कचेरीत जाण्याआधी सर माझ्यासमोर उभे राहत. दात घासता घासता बघत. प्याद्याने हत्ती खाल्ला असता तर? हत्ती खाल्ला की प्यादं जागेवरून हलतं आणि राजासमोरचं दार उघडतं. पांढरा वजीर आत शिरतो, शह. राजा कोपऱ्यात. आता घोडा दोन उड्या मारून आला की मात! सर घोडा उचलत. आणि दर वेळी तिथेच अडत. कारण मागच्या रांगेतला काळा उंट फक्त एक घर सरकतो, आणि घोडा जिथे उतरणार त्या घरावरच त्याची नजर बसते. घोडा गेला तर मरतो. नाही गेला तर मात नाही. हत्ती मात्र गेलेला असतो.

त्यांनी घोड्याऐवजी उंट आणून पाहिला. वजीर दुसऱ्या वाटेने आणला. मध्ये एक शह घालून पाहिला. उंट एक घर सरकायचा आणि सगळं संपायचं.

"चिंगे, खाल्ला असता तर तुझ्या डोक्यात काय होतं?"

"तुम्ही बघा ना, बाबा."

"बघतोय. तू सांगितलंस तर माझा चहा तरी गरम पिऊन होईल."

"तुम्हीच बघा."

ते बघत राहिले. मग एका सकाळी त्यांनी बघणं थांबवलं आणि रचायला घेतलं. खोटी वाट. वजीर, मग दुसरा हत्तीही द्यायचा, मग घोडा. दिसायला इतकी देखणी, की उंटाच्या त्या छोट्याशा चालीकडे कुणाचं लक्षच जाऊ नये. ती वाट त्यांनी माझ्यावर पुन्हा पुन्हा घोटली. मुलीची चाल पोकळ आहे, हे भर सभेत बाप कसं सांगणार? ज्या माणसाने आयुष्यभर चुकांवर छडी ठेवली, तो आता एक चूक झाकायला शिकत होता. त्यात त्यांचा हात अगदी नवखा होता. सोंगट्या हातातून सटकत होत्या.

व्याख्यानाचा दिवस.

मला गुंडाळून सभागृहात नेलं आणि व्यासपीठावर टांगलं. खुर्च्या भरल्या, मग भिंतीलगतही माणसं उभी राहिली. चिंगी शेवटच्या रांगेत आईशेजारी बसली होती. तिच्या मांडीवर आईचा हात होता. तो तिला लागत होता की नाही, कोण जाणे.

सर बोलू लागले. हत्ती प्याद्याच्या तोंडी आला तेव्हा सगळ्या सभागृहाने "अहाहा" केलं.

पहिल्या रांगेतून एक निवृत्त मुख्याध्यापक उठले. "सर, आम्हा अडाण्यांची एक शंका. समजा खाल्लाच हत्ती, तर?"

"तेच सांगायला आलोय," सर म्हणाले.

त्यांनी हत्ती काढला. वजीर आत आणला. शह. राजा कोपऱ्यात. दुसरा हत्तीही दिला. टाळ्या. घोडा हातात घेऊन ते वळले आणि नको तिकडे त्यांची नजर गेली. शेवटच्या रांगेत. तिथे सगळे पुढे झुकून बघत होते. एकटी चिंगी तेवढी बघत नव्हती. तिचा चेहरा, मित्रांनो, सोंगट्या काढून ठेवलेल्या माझ्या घरांसारखा होता. घरं सगळी जागच्या जागी, आत कुणी नाही.

सरांचा घोडा हातातच राहिला.

"चिंगे," ते म्हणाले. सभेत त्यांनी तिला या नावाने कधी हाक मारली नव्हती. लोक हसले. "जरा वर ये. ही वाट तू काळ्याकडून खेळ."

ती आली. सरांनी दिलेला दुसरा हत्ती तिने न खाता परत जागेवर ठेवला. काळा उंट एक घर सरकवला. आणि अंगठ्याने दाबला. टक टक.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला.

"मग?" सरांनी विचारलं.

"मग काही नाही. मी हरते."

"खाल्ला असता तर हरली असतीस."

"हो."

"हे तुला तिथे बसल्या बसल्या दिसत होतं?"

"हो, बाबा."

"तरी दिलास."

चिंगीने मान डोलावली. सर तिच्याकडे बघत राहिले. छडी काखेत, घोडा मुठीत. मी आयुष्यभर त्यांना "इथे काय चुकलं" असं विचारताना ऐकलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा तेच येणार असं मला वाटलं.

"खूप कंटाळलीस का गं?" त्यांनी विचारलं. हळू विचारलं. पहिल्या रांगेपर्यंतही गेलं नसेल.

"कंटाळाही येत नाही, बाबा."

टेबलावरच्या डावात हार मानायची तर राजा आडवा पाडतात. माझ्यावर तो पाडता येत नाही. पट्टीतून काढावा लागतो, फिरवावा लागतो आणि आडवा खोचावा लागतो. थोडं खटपटीचं काम आहे. सरांनी ते सभेकडे पाठ करून सावकाश केलं. पांढरा राजा आडवा झाला.

मग ते लोकांकडे वळले. "चाल चुकीची आहे," ते म्हणाले. "दोन उद्गारचिन्हं खोडून टाका. आणि आमच्याकडून पुढच्या स्पर्धेला कुणी जाणार नाही. व्याख्यान संपलं."

"अहो सर, पण डाव तर ती जिंकली होती!" मागून कुणीतरी ओरडलं.

"जिंकली असेल," सर म्हणाले. "सोडला आम्ही."

लोक नाराज होऊन गेले. काहींनी दाराशी टोमणेही मारले. आई व्यासपीठावर आली आणि तिने सोंगट्या गोळा केल्या. चिंगी कडेला उभी होती. ती रडली नाही, हसली नाही, बापाच्या गळ्यातही पडली नाही. असं काही झालं असतं तर मी नक्की सांगितलं असतं. सरांनी तिची पिशवी उचलली, तिने ती परत घेतली, त्यांनी पुन्हा उचलली आणि तिने राहू दिली. तिघं निघाली.

मला सोडवून गुंडाळलं ते मंडळाच्या शिपायाने. घरी न्यायला कुणी आलं नाही. मंडळाच्या कपाटात, घड्याळांच्या खोक्यांमागे मी आजही उभा आहे. त्या घरात माझ्या जागी काय लागलं, चिंगीला पुन्हा पोटात गोळा आला का, जेवणाला चव आली का, मला माहीत नाही. कपाटात बातम्या येत नाहीत.

मित्रांनो, तुम्ही कधी हे कपाट उघडलंत तर मला बाहेर काढा. रेक्झिन फार दिवस गुंडाळून ठेवलं की आतल्या आत चिकटतं. मग ते ओढून उलगडू नये, फाटतं. थोडा वेळ उन्हात ठेवावं, हात फिरवावा, आपोआप सुटेपर्यंत थांबावं. माणसांचं मला कळत नाही. पण तुमच्या घरात, वर्गात कुणी स्वतःजवळचं सगळ्यात मोठं काही एकाएकी देऊन टाकलं आणि बाकीचे टाळ्या वाजवू लागले, तर तुम्ही टाळ्या वाजवू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा. चूक शोधू नका. तो बोलेपर्यंत थांबा.